बेदाणा निवडताना ऐकलेले सिनेमे

ऑगस्ट उतरायला लागला की इथं सायप्रसला द्राक्षं पिकतात. आमच्या सांगलीकडं त्या वेळी बागांना नुसता हिरवा पाला असतो, छाटणीला अवकाश असतो, बेदाण्याचं कुणी नावही काढत नाही. त्यामुळं इथल्या पहिल्या उन्हाळ्यात मी गोंधळूनच गेले होते. घरी फोन केला की तिकडं श्रावण चाललेला, आणि माझ्या नाकात फेब्रुवारी-मार्चचा वास. शेजारच्या गच्चीवर काळ्या कपड्यातली एक म्हातारी चादर अंथरून द्राक्षं वाळत घालते. दुपारचं ऊन चढलं की तो आंबटगोड, घशाला चिकटणारा वास भिंतीवरून आमच्या स्वयंपाकघरात उतरतो. आमच्याकडं बेदाण्याला देतात ती गंधकाची धुरी तेवढी त्यात नसते. बाकी सगळं तेच.

या वर्षी तो वास आला तेव्हा मी घरात एकटी होते. ज्यांची मी इथं देखभाल करते त्या मार्गरेटबाई आदल्या दिवशी सकाळी न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी इंग्लंडहून निघाली होती, ती त्या वेळी विमानात असणार होती, म्हणून दवाखान्यानं माझा नंबर लिहून घेतला होता. मला म्हणाले, इथं बसून तू काय करणार, घरी जा, चारच्या सुमाराला डॉक्टर स्वतः फोन करतील.

फोनवर. इंग्रजीत. समोर चेहरा नाही, हातवारे नाहीत, हलणारे ओठ नाहीत. नुसता आवाज.

मी ओटा पुसला. परत पुसला. फोन ओट्यावर ठेवला, मग ओलं लागेल म्हणून टेबलावर ठेवला, मग टेबलावरून पडेल म्हणून परत ओट्यावर.

मी माणदेशात वाढलेली. दगड उचलला की खाली विंचू, त्याची भीती मला कधी वाटली नाही. अंधाराची नाही, कुत्र्यांची नाही. मला भीती वाटते ती न समजलेल्या वाक्याची. समोरचं माणूस काहीतरी बोलतं, बोलून थांबतं, तुमच्याकडं बघतं. आता तुमची पाळी असते आणि तुमच्याजवळ काहीच नसतं. तो क्षण मी नववीपासून ओळखते. वाडीवरून चालत मोठ्या शाळेत जायचो. इंग्रजीच्या तासाला सर बोट करून विचारायचे आणि मला हसू यायचं. आनंदाचं नव्हे. तोंड आपोआप फाकायचं. सर म्हणायचे, "हसायला काय झालं? मी काय नकला करतोय का?" मग सगळा वर्ग हसायचा आणि मी आणखीनच हसायची. आत मात्र रडत असायची. त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली, वडील मेंढरं चारायला खाली मुलखात गेलेले, धाकटी भावंडं माझ्या गळ्यात पडली आणि शाळा सुटली. शाळेचं वाईट वाटलं. इंग्रजीच्या तासाचं मात्र वाटलं नाही. वाटलं, सुटले.

सुटले कसली. लग्न होऊन सांगली जिल्ह्यात आले, पोरं झाली, आणि एके दिवशी नवरा उसाच्या ट्रॉलीवरून खाली पडला. कंबर कायमची गेली. घर माझ्यावर आलं. मग कुणीतरी मिरजेच्या एका बाईंचं नाव सांगितलं. त्यांनी परदेशात वर्षानुवर्षं नर्सचं काम केलं होतं, आणि आता घरी बसून आमच्यासारख्या बायकांना म्हाताऱ्या माणसांची देखभाल शिकवून बाहेर पाठवायच्या. त्यांचं घर तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत. पायरीवर थांबलं की समोरच्या दुकानात एकच तार पुनःपुन्हा छेडलेली ऐकू यायची. तो माणूस तार छेडायचा, डोळे मिटायचा, खुंटी केसभर पिळायचा, परत छेडायचा. मला काही फरक कळायचा नाही. त्याला कळत असावा, कारण मध्येच तो थांबून चहा मागवायचा.

कामं मला सगळी जमली. कूस बदलणं, उचलून खुर्चीत बसवणं, जखम पुसणं. घरात दोन अंथरुणं मी काढलीच होती. अडलं ते बोलण्यावर. पहिली मुलाखत संगणकाच्या पडद्यावर झाली. पलीकडं कुणी गोरी बाई होत्या, आपल्या आईसाठी माणूस शोधत होत्या. त्या बोलल्या आणि माझं तोंड फाकलं. त्या परत बोलल्या, मी मान हलवली, येस येस म्हटलं, आणि हसले. पडदा काळा झाल्यावर मिरजेच्या बाईंनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"सुमन, तू हसलीस का?"

"कळलं न्हाई म्हणून, बाई."

"त्या विचारत होत्या, आई जमिनीवर पडलेली दिसली तर काय करशील. आणि तू हसलीस."

माझ्या कानशिलात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं, तुझे हात तयार आहेत, कान तयार नाहीत. इंग्रजी सिनेमे लाव. खाली अक्षरं येतात ती बंद कर, नाहीतर डोळे कानाला काम करू देत नाहीत. कळलं नाही तरी ऐकत राहा. आणि कळलं नाही तर हसायचं नाही. म्हणायचं, प्लीज, पुन्हा एकदा सांगा. त्यात कमीपणा नाही.

सिनेमा बघायचा कधी? हंगाम तोंडावर आलेला. मी नागजच्या माळावर बेदाण्याच्या शेडवर निवडायला जात होते, सकाळी गेलं की दिवस मावळता घरी. तिथं कोरडा वारा सुटतो म्हणून सगळ्या माळावर हिरव्या जाळ्यांच्या शेड उभ्या. औषधाच्या पाण्यातून काढलेली द्राक्षं जाळ्यांवर थरावर थर पसरायची, वाळली की झाडून खाली पाडायची, आणि मग ती आमच्यापुढं यायची. पत्र्याखाली ओळीनं बसलेल्या आम्ही बायका, प्रत्येकीपुढं ढीग. काडी बाजूला, काळा मणी बाजूला, चिरडलेला बाजूला. डोळे ढिगावरून हलवायचे नाहीत. बोटं दिवसभर चिकट. मोकळे असायचे ते फक्त कान, आणि त्यांत गाणी वाजायची. मालकानं एक स्पीकर टांगून दिला होता, तो बायकांचा जीव होता.

एके सकाळी मी माझा फोन रिकाम्या पत्र्याच्या डब्यात उभा ठेवला, आवाज मोठा व्हावा म्हणून, आणि सिनेमा लावला. पडदा डब्याच्या आतल्या बाजूला. बघायला कुणाला सवडच नव्हती.

पहिल्याच वाक्याला शेवंता करवादली. शेवंता माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ. "आगं सुमे, हे काय लावलंयस? पत्र्यावर खडं पडल्यावाणी बोलत्यात."

"इंग्रजी हाय."

"आमास्नी काय करायचंय? बेदाणा काय लंडनला बसून निवडायचाय व्हय?"

बायका हसल्या. ओळीच्या टोकाला हिराक्का बसायच्या, सगळ्यांत थोरल्या. त्यांनी मान वर केली नाही, बोटं थांबवली नाहीत. "सुमन, हे ऐकल्यावर तुजं काम हुईल?"

"हुईल म्हणत्यात, आक्का."

"मग लाव. गाणी काय पळून जात न्हाईत."

एवढंच. त्या शब्दावर एका हंगामभर त्या बायकांनी आपली गाणी सोडली. दिवसभर मान मोडून काम करणाऱ्या बायकांना तेवढंच एक सुख होतं आणि ते त्यांनी माझ्यासाठी बंद केलं. मी त्यांना काय दिलं? काही नाही. आज इथं समुद्राकडच्या खिडकीत उभी राहते तेव्हा हे आठवतं. देव त्यांचं भलं करो, दुसरं काय म्हणू.

सुरुवातीला मला काहीही कळत नव्हतं. नुसता खळखळाट. कुठं एक शब्द संपून दुसरा लागतो तेही नाही. आणि रोज भीती वाढत होती, कारण हंगाम सरल्यावर मिरजेच्या बाई दुसरी मुलाखत लावणार होत्या. त्या म्हणाल्या होत्या, तिसरी लावणं अवघड आहे बरं का. मी निवडता निवडता तोंडातल्या तोंडात घोकायची, प्लीज, पुन्हा एकदा सांगा. शेवंता विचारायची, "जप करतीस व्हय गं?"

पण बायकांचं बघा. ज्यांना इंग्रजीचा गंध नाही त्यांनी चार दिवसांत सिनेमाची गोष्ट लावायला सुरुवात केली. हिराक्का म्हणायच्या, "ही बाई आता रडणार." आणि ती रडायची. "कशावरनं, आक्का?" तर म्हणायच्या, "शेवटचा सबुद गिळला न्हवं तिनं." एखादा बाप्या बोलत असला की, "ह्यो खोटं बोलतोय. एकदम लय गोड झालाय." चुकायच्याही. एकदा एका माणसाचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि थांबला. आक्कांनी सुस्कारा सोडला, "गेला बिचारा." सगळ्या गप्प झाल्या. तेवढ्यात डब्यातून घोरण्याचा आवाज. शेवंता बेदाण्यावरच लवंडली. "आक्का, तुमी तर जित्या माणसाला पोचवून आला!" दिवसभर मग कुणी जांभई दिली की, "गेली बिचारी."

मला मात्र आक्कांमुळं एक गोष्ट समजली. मी शब्दांच्या मागं धावत होते, आणि एक सुटला की घाबरून पुढचे सगळे सोडत होते. आक्का धावत नव्हत्याच. त्या आवाज येऊ द्यायच्या. मीही तसं करायला लागले. बोटं चालू, डोळे ढिगावर, कान ढिले सोडलेले. मग एखादा शब्द आपणहून यायचा, ओळखीचा, आमच्या वाडीचा माणूस मिरज स्टेशनवर भेटावा तसा. मग दोन. मग एखादं अख्खं छोटं वाक्य. दार लाव. मला पाणी दे. तू काल कुठं होतास?

आणि भीती वाटली की बोटांत बेदाणा असायचा. काडी बाजूला, मणी बाजूला. हात कामात असले की तोंड फाकायला विसरतं, हे माझ्या ध्यानात आलं. हसू यायचं ते रिकाम्या हातांना.

एक दिवस डब्यातल्या सिनेमात जोरात गडगडलं. पाऊस कोसळायला लागला. आणि काय सांगू, सगळ्या बायका एका क्षणात उठल्या. बेदाण्याच्या दिवसांत गडगडाट म्हणजे काळीज थांबतं. अवकाळी पाऊस लागला तर माल काळा पडतो, हंगाम वाया. अंगणात ताडपत्रीवर धुतलेला माल वाळत होता. पदर खोचून, एकमेकींना ढकलत सगळ्या बाहेर पळाल्या, कुणी प्लास्टिकचा कागद ओढला, कुणी विटा ठेवल्या. आणि वर बघितलं तर आभाळ काचेसारखं स्वच्छ. ऊन नुसतं भाजत होतं. आत डब्यात पाऊस पडतच होता.

शेवंतानं कमरेवर हात ठेवले. "सुमे, तुजा मुडदा बशिवला! इंग्रजी पावसाला पळवलंस गं आमाला." कागद काढताना हसून हसून विटा हातातून निसटत होत्या. तेव्हापासून सिनेमात गडगडलं की कुणीतरी म्हणायचं, "बसा गं, तिकडचा पाऊस हाय," आणि कुणी उठायचं नाही.

त्या हसण्यात हिराक्का नव्हत्या. त्या शेवटी उठल्या होत्या, शेवटी परत येऊन बसल्या. दुपारी भाकरी खाताना मी जवळ सरकले तर त्या मला म्हणाल्या, "तू सबुदाला लय भितीस. सबुद मागनं येतो." मग थोडा वेळ भाकरी चावत राहिल्या. "माजा थोरला मिलिटरीत हुता. त्याच्या सायबाचा फोन आला, हिंदीत बोलायला लागला. आदी त्यानं दम घेतला बग. असा. मी तितंच खाली बसले. म्होरं काय बोलला त्यातलं मला एक अक्षार कळलं न्हाई. आन् सगळं कळलं हुतं." त्या पाणी प्यायल्या. "वंगाळ सांगायचं आसलं की माणूस आदी दम घेतो. चांगलं सांगणारा पळतच येतो."

मी उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. आक्का उठून ढिगापुढं जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लाव तुजा शिनेमा."

हे सगळं आठवत मी इथल्या स्वयंपाकघरात उभी होते. साडेतीन झाले असतील. शेजारची म्हातारी अंगणाच्या भिंतीवरून डोकावली. तिला मार्गरेटबाईंचं कळलं होतं, अँब्युलन्स सगळ्या गल्लीनं पाहिली होती. तिला इंग्रजी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. तिनं अर्धवट वाळलेल्या द्राक्षांचं ताट भिंतीवर ठेवलं, आपल्या छातीवर हात ठेवला आणि परत गेली. ताटातल्या मण्यांना काड्या तशाच होत्या.

मार्गरेटबाई पडल्या तो आवाज मी ऐकला तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होते. ओरडल्या नाहीत त्या. काहीतरी घसरल्याचा आवाज आणि मग श्वास, अडकलेला. मी धावले. त्या फरशीवर कुशीवर पडलेल्या, एक पाय भलतीकडं वळलेला, ओठ पांढरे. आमच्याकडं माणूस पडलं की काय करतात? चार हात काखेत घालतात आणि उठवून बसवतात, पाणी पाजतात, पदरानं वारा घालतात. माझे हात निघालेच होते. बाईंच्या दंडाला माझी बोटं लागलीसुद्धा. आणि त्या अगदी बारीक आवाजात बोलल्या, मोडक्या श्वासातून, मला उचलू नकोस, सुमन, हलवू नकोस, फोन कर.

मला कळलं. सगळं. मी हात मागं घेतले, जसे तव्यावरून घ्यावेत. ओल्या फरशीवर बसून त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि फोन लावला. पलीकडचा माणूस भराभर विचारायला लागला. मी म्हटलं, प्लीज, पुन्हा एकदा सांगा. त्यानं सांगितलं. परत म्हटलं. त्यानं परत सांगितलं. अँब्युलन्समधल्या मुलीनं मला म्हटलं, तू हलवलं नाहीस ते फार चांगलं केलंस.

पण त्यानं धीर आला असं कुणाला वाटेल तर तसं नाही. रात्रभर मला तेच दिसत राहिलं, माझी बोटं त्यांच्या दंडाला लागलेली. ते वाक्य मला कळलं नसतं तर? मी हसले असते का? आणि दुसरीही एक भीती होती, जी मी माझ्यापासूनही लपवत होते. बाईंना काही झालं तर माझं इथलं राहणं संपतं, कागद त्यांच्या नावावर आहेत. तिकडं नवऱ्याची औषधं, पोरांच्या शाळा. असा विचार मनात आला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्या बिचाऱ्या तिथं दवाखान्यात आडव्या आणि मी माझे कागद मोजतेय. पण भीती काय, एकटी येत नाही. सगळ्या एकमेकींचा पदर धरून येतात.

मार्गरेटबाईंची नजर आता अधू झाली आहे. समोरचा चेहरा त्यांना धुकट दिसतो. संध्याकाळी त्या सिनेमा लावायला सांगतात आणि ऐकतात. मी बाजूला मटार सोलत बसते, नाहीतर पालक निवडते, पडद्याकडं बघत नाही. पहिल्यांदा त्यांना नवल वाटलं. "तुला तर दिसतं. तू का बघत नाहीस?" मी म्हटलं, मला असंच शिकवलंय. मग मी त्यांना शेडवरच्या बायकांची गोष्ट सांगितली, डबा, गडगडाट, घोरणारा माणूस. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. आता त्याही सिनेमा चालू असताना मध्येच विचारतात, "हिराक्का काय म्हणाल्या असत्या? खोटं बोलतोय का हा?" हिराक्का हे नाव त्यांच्या तोंडात काही धड बसत नाही, पण त्या घेतात. जगात कुठं नागजचा माळ आणि कुठं हे घर.

शेडवर खरा पाऊस आला तो हंगामाच्या शेवटाला. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, डब्यात एक सिनेमा चालू होता, त्यात दोन बहिणी लग्नाच्या जेवणावरून भांडत होत्या. मी निवडत होते. काही घोकत नव्हते, कशामागं धावत नव्हते. आणि लांबून गडगडलं.

"बसा गं, तिकडचा पाऊस हाय," शेवंता म्हणाली. कुणी हललं नाही.

माझा हात मात्र थांबला. काहीतरी जुळत नव्हतं. त्यातली थोरली बहीण आत्ताच म्हणाली होती, काय हे ऊन, एक झुळूक नाही, ती खिडकी उघड. तिकडं उकाडा होता. तिकडं पाऊस कुठला?

मी ओरडले, "उठा! सिनेमात ऊन हाय! पाऊस आपला हाय, उठा!"

क्षणभर सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग परत गडगडलं, अगदी डोक्यावर, आणि पत्र्यावर पहिला टपोरा थेंब वाजला. पुढचं काही विचारू नका. बाहेर धुळीची भिंत आली होती. ताडपत्री वाऱ्यानं फुगून हातातून निसटत होती, हिराक्का सगळं अंग टाकून तिच्या टोकावर बसल्या, शेवंता विटा फेकत होती, मी जाळ्यांवरचे पडदे सोडत होते. वाळत घातलेल्या मालाचा कडेचा थोडा भाग भिजला. बाकी वाचला. आम्ही सगळ्या ओल्याचिंब होऊन पत्र्याखाली उभ्या राहिलो, धापा टाकत. डब्यात त्या दोन बहिणींचं भांडण चालूच होतं.

शेवंतानं तोंडावरचं पाणी निपटलं. "सुमे, तुला कसं कळलं गं?"

"ती म्हणाली, उकडतंय, खिडकी उघड."

मग शेवंता हळूच म्हणाली, "म्हंजी तुला कळलं की."

बायकांनी मला धरून गरागरा फिरवलं. चिकट हातांनी माझे गाल ओढले. आणि मी थरथरत होते. सगळ्यांना वाटलं भिजले म्हणून. तसं नव्हतं. तोवर माझ्याजवळ एक आडोसा होता, कळत नाही हा. कळत नाही तोवर मुलाखत नाही, विमान नाही, पोरांना सोडून जाणं नाही. तो आडोसा त्या एका वाक्यानं उडून गेला. कान उघडले होते. आता जावं लागणार होतं.

दुसऱ्या मुलाखतीला मी पडद्यापुढं बसले तेव्हा मांडीवर बेदाण्याचं ताट घेतलं. मिरजेच्या बाईंनी भुवया उंचावल्या. पडद्यावर मार्गरेटबाई स्वतःच होत्या. त्यांनी विचारलं, तुझे हात काय करतायत? मी ताट उचलून दाखवलं. त्या म्हणाल्या, माझी आई रेडिओ ऐकताना शेंगा सोलायची. मग त्या लांबलचक काहीतरी बोलल्या आणि मला ते कळलं नाही. तोंड फाकायला लागलं. बोटांनी एक काडी मोडली. मी म्हटलं, प्लीज, पुन्हा एकदा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी एक वाक्य दोनदा म्हटलं होतं, आणि ते न रागावता.

निघताना बायकांनी बेदाण्याची पिशवी बांधून दिली. शेवंता म्हणाली, "एक काडी मुद्दाम ठिवलीया त्यात. घावली की आमची आठवण काढ." काडी मला अजून सापडलेली नाही. पिशवी संपवायचं मन होत नाही.

घड्याळात चार वाजून गेले. फोन गप्प. उशीर का? उशीर कशामुळं होतो? मी भिंतीवरचं ताट आत आणलं, खुर्चीत बसले, ताट मांडीवर घेतलं. काडी बाजूला, मणी बाजूला. अर्धवट वाळलेला मणी बोटांना चिकटतो. तोच चिकटा, तोच वास. मी फोनचा आवाज पूर्ण मोठा केला आणि तो ओट्यावरच्या रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला.

तो वाजला तेव्हा पातेलं घुमलं आणि माझ्या हातातला मणी खाली पडला. मी बोट लावून तो स्पीकरवर घेतला. "हॅलो," मी म्हटलं. नाव सांगितलं. पलीकडं दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती, चाकांचा आवाज, कुणीतरी हाक मारत होतं. डॉक्टर इथलेच होते, त्यांची इंग्रजी सिनेमातल्यासारखी नसते. मी डोळे ताटावर ठेवले. शब्दांची वाट पाहत नव्हते. मी त्या दमाची वाट पाहत होते, आक्कांना ऐकू आला होता तसल्या. बोटं काडीवर घट्ट.

दम आला नाही. डॉक्टर पळतच आले. ऑपरेशन नीट झालं, त्या शुद्धीवर आहेत, चहा मागतायत, आणि सुमन जेवली का ते विचारायला सांगितलंय.

एकेक शब्द कळला होता. कुठं संपला, कुठं लागला, सगळं. ताटातले मणी मला दिसेनासे झाले, पण बोटं चालूच राहिली. डॉक्टर थांबले. माझी पाळी होती.

मी म्हटलं, "प्लीज, पुन्हा एकदा सांगा."